रोसीताचा हिशोब

उत्तर मेक्सिकोतल्या कोआवीला राज्यात साल्तियो नावाचं शहर आहे. तिथल्या एका मुलीच्या खुनाचं गाणं मेक्सिकोत पिढ्यानपिढ्या गायलं जातं. 'रोसीता आल्वीरेस' हे त्याचं नाव. साल १९००, शहर साल्तियो, मुलीचं नाव, तिचा मृत्यू, सगळं पहिल्या कडव्यातच सांगून टाकलेलं. पुढे काय होणार ही उत्सुकता या गाण्याला ताणायचीच नाही. आई म्हणते, आज नाचाला जाऊ नकोस. रोसीता म्हणते, मला नाच आवडतो यात माझा काय दोष. नाचाच्या ठिकाणी इपोलीतो येतो, सरळ तिच्यापाशी जातो आणि ती त्याच्यासोबत नाचायला नकार देते. चारचौघांत पत गेली म्हणून तो पिस्तूल काढतो, तीन गोळ्या झाडतो. मग गाणारा सांगतो की त्या रात्री रोसीताचं नशीब बरं होतं, तीन गोळ्यांपैकी प्राणघातक अशी एकच होती.

चाल उडती आहे. अकॉर्डियन खेळकरपणे पुढे पळतं, आणि नशिबाचं ते कडवं आलं की ऐकणारे हसतात. ज्या गाण्यात एक मुलगी 'नाही' म्हणाली म्हणून मारली जाते, ते आनंदाच्या बैठकीत गायलं जातं, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मला या गाण्याबद्दल जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. रचना म्हणून ते फार चोख आहे. एकही ओळ फुकट नाही, एकही विशेषण जास्तीचं नाही, माणसं दोन-दोन वाक्यांत उभी राहतात. त्या चोखपणामुळेच ते इतकी वर्षं टिकलं, आणि टिकल्यामुळे त्यातला निवाडाही टिकला.

या गीतप्रकाराला कोरीदो म्हणतात. पोवाडा कानावर पडलेल्या माणसाला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. घडलेली गोष्ट सांगायची, तारीख-ठिकाण-नावांसह सांगायची, आणि ऐकणाऱ्यांना समोर बसवून सांगायची. स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या 'रोमान्से' या कथागीतांतून तो निघाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओळ आठ अक्षरांची, कडवं चार ओळींचं, यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. अष्टाक्षरीला सरावलेल्या मराठी कानाला हा ठेका परका वाटत नाही. चाल एकच, कडव्यामागून कडवं तीच फिरत राहते; गायकाने आलाप-ताना घेऊन स्वतःकडे लक्ष वेधायचं नसतं, कारण लक्ष बातमीवर हवं. शेवटी गाणारा निरोप घेतो, पुष्कळदा एखाद्या कबुतराला उडायला सांगून. १९१० ते १९२० या क्रांतीच्या दशकात, जेव्हा वाचता येणारे थोडे होते, तेव्हा कोरीदो हेच वर्तमानपत्र होतं. मेक्सिको शहरातल्या आंतोनिओ वानेगास आरोयो यांच्या छापखान्यातून अशा गाण्यांची स्वस्त पानं निघत, आणि त्यांवर होसे ग्वादालूपे पोसादाची कोरीव चित्रं असत. सेनापती, लढाया, दरोडे, आगगाडीचे अपघात; आणि खून.

कोरीदोतला 'मी' हा नेहमी साक्षीदार असतो. रोसीताच्या गाण्यातही पहिल्याच कडव्यात गाणारा म्हणतो की ते वर्ष त्याच्या चांगलं ध्यानात आहे. बस, एवढाच त्याचा 'मी'. तो घटनेत नाही, पण घटना त्याच्या तोंडून येते, म्हणून खरं काय आणि शहाणपण कोणतं हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे आपसूक येतो. आणि हा साक्षीदार जवळजवळ नेहमी पुरुष असतो. मारिया एर्रेरा-सोबेक या विदुषीने १९९० साली कोरीदोंचा स्त्रीवादी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तिने दाखवलं की या गाण्यांत स्त्रिया येतात त्या ठरावीक साच्यांत: चांगली आई, वाईट आई, देवीमाता, प्रेयसी, सैनिक. मी त्या साच्यांच्या यादीपेक्षा वेगळ्या गोष्टीपाशी थांबतो. या स्त्रिया बोलतात कधी? देल्गादिना बापाच्या वासनेला नकार देते आणि कोंडवाड्यात पाणी-पाणी करत मरते. मार्तिनाला नवरा तिच्या बापाकडे नेतो, आणि बाप म्हणतो, धर्मविधीने ती तुझी झाली, तूच ने. मग नवरा तिला मारतो. दोघींच्या तोंडी संवाद आहेत, पण ते विनवणीचे. बोलून त्यांच्या नशिबात काही फरक पडत नाही.

रोसीता मात्र मरताना दोन गोष्टी बोलते, आणि तिथे या गाण्याचा खरा कस आहे. मैत्रीण इरेनेला ती सांगते की माझं नाव विसरू नकोस. आणि लगेच, त्याच श्वासात, नाचाला जाशील तेव्हा पुरुषांना झिडकारू नकोस. पहिलं वाक्य मरणाऱ्या मुलीचं आहे, हे कुणालाही पटेल. दुसरं वाक्य तिचं नाही. ते गाणाऱ्याचं आहे, साल्तियोतल्या सगळ्या बापांचं आणि भावांचं आहे. ते तिच्या तोंडात कोंबलं आहे. आठवणीत राहण्याची तिची इच्छा पुरी होते, पण ती धडा म्हणून. शेवटच्या कडव्यात रोसीता स्वर्गात देवापुढे हिशोब देत असते आणि इपोलीतो तुरुंगात जबानी देत असतो. मेलेल्या मुलीनेच हिशोब द्यायचा! मारणाऱ्याने फक्त जबानी द्यायची, म्हणजे त्याची बाजू मांडायची. या दोन शब्दांच्या वाटणीत एका अख्ख्या समाजाची न्यायबुद्धी उतरली आहे.

बायका गप्प बसल्या होत्या असं नाही. कोरीदोच्या शेजारच्या गल्ल्यांतून त्यांचे आवाज येत होते. टेक्ससमधल्या लिदिया मेंदोसाने १९३४ साली बारा तारांच्या गिटारवर 'माल ओम्ब्रे' ध्वनिमुद्रित केलं. फसवून सोडून देणाऱ्या पुरुषाला तोंडावर नीच म्हणणारं ते गाणं. त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनावर छापलेले सापडले होते. चावेला वार्गासने पुरुषांनी बाईला उद्देशून म्हणायची रांचेरा गीतं एकही सर्वनाम न बदलता म्हटली. पाकिता ला देल बार्रिओने, जी २०२५च्या फेब्रुवारीत गेली, पुरुषांना शिव्या घालत आयुष्य काढलं. पण हे सगळं प्रेमभंगाच्या, अपमानाच्या मुलखातलं. घडलेल्या गुन्ह्याची सार्वजनिक नोंद करण्याचा जो कोरीदोचा हक्क, तिथे बाई यायची ती मेलेली, नाहीतर दगाबाज. सत्तरच्या दशकात लॉस तिग्रेस देल नोर्ते या वाद्यवृंदाने अमली मालाची चोरटी वाहतूक करणारी कामेलिया गाजवली. ती प्रियकराला गोळ्या घालून पैसे घेऊन नाहीशी होते. पिस्तूल बाईच्या हातात आलं, साक्षीदार मात्र तोच राहिला.

मग सियुदाद हुआरेस. अमेरिकेच्या सीमेला चिकटलेल्या या कारखान्यांच्या शहरात १९९३ पासून मुलींची प्रेतं वाळवंटात, रिकाम्या भूखंडांवर सापडायला लागली. पुष्कळ जणी निर्यातीसाठी माल जोडणाऱ्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या. आयांनी खांबांवर काळ्या-गुलाबी रंगांत क्रूस रंगवले. मानववंशशास्त्रज्ञ मार्सेला लागार्दे यांनी 'फेमिनिसिदिओ', म्हणजे स्त्रीहत्या, ही संज्ञा कायद्याच्या भाषेत आणण्यासाठी झगडा केला. २००७ साली स्त्रियांच्या हिंसामुक्त जीवनाचा कायदा झाला. २०१२ मध्ये संघराज्याच्या दंडसंहितेत स्त्रीहत्येचा स्वतंत्र गुन्हा आला. त्याआधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने कापसाच्या एका जुन्या शेतात सापडलेल्या प्रेतांच्या खटल्यात मेक्सिकोच्या सरकारला दोषी ठरवलं होतं. 'एकही अधिक नको' या घोषणेशी जिचं नाव जोडलं जातं त्या कवयित्री सुसाना चावेसचा २०११ साली त्याच शहरात खून झाला.

लॉस तिग्रेस देल नोर्तेने २००४ साली हुआरेसच्या बायकांवर एक गाणं केलं. पाउलिनो वार्गास या मुरलेल्या कोरीदोकाराने ते लिहिलं. गुन्हेगारांना हात न लागण्याबद्दलचा संताप त्यात खरा आहे, आणि एवढ्या मोठ्या लोकप्रिय वाद्यवृंदाने हा विषय हाती घेतला याचं मोल कमी नाही. पण ऐकताना जाणवत राहतं की बोलणारा बाहेर उभा आहे. मेलेल्या मुली अजूनही अनेकवचनात आहेत. त्यांच्यातल्या एकीचंही तोंड उघडत नाही.

ते तोंड उघडलं २०२० च्या मार्चमध्ये. विविर किंताना ही रोसीताच्याच राज्यातली, कोआवीलातल्या फ्रान्सिस्को इ. मादेरो या गावची. १९८५ चा जन्म. खर्जातला, किंचित खरखरीत आवाज, हातात गिटार. मॉन लाफेर्ते ही चिलीत जन्मलेली आणि मेक्सिकोत स्थिरावलेली गायिका ७ मार्चला मेक्सिको शहराच्या सोकालो चौकात गाणार होती. तिने विविरकडे स्त्रीहत्येवर गाणं मागितलं. 'कान्सिओन सिन मिएदो', म्हणजे भीती नसलेलं गाणं, ते त्या चौकात 'एल पालोमार' या स्त्रियांच्या वृंदासह गायलं गेलं. दुसऱ्या दिवशी महिला दिनाच्या मोर्चात अधिकृत अंदाजानुसार ८०,००० बायका उतरल्या. तिसऱ्या दिवशी देशभरातल्या बायकांनी कामावर, शाळेत, बाजारात न जाता दिवसभराचा संप केला.

त्या मार्चच्या मागचा फेब्रुवारी लक्षात घ्यायला हवा. मेक्सिको शहरात एका तरुणीला तिच्या जोडीदाराने अमानुषपणे मारलं, आणि तिच्या प्रेताची छायाचित्रं तपास यंत्रणेतून फुटून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. तेव्हा हजारो लोकांनी एक गोष्ट केली. तिच्या नावाने फुलांची, समुद्राची, मावळतीच्या आभाळाची चित्रं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, म्हणजे कुणी ते नाव शोधलं तर आधी आभाळ दिसावं. मेलेल्या बाईचं नाव कुणाच्या ताब्यात राहायचं, हा झगडा गाण्याच्या आधीच रस्त्यावर आला होता.

गाणं सुरू होतं ते थरकापाने. पण थरथरायचं कुणी, हे आधी ठरवून. शासनाने, आभाळाने, रस्त्यांनी, न्यायाधीशांनी, पोलिसांनी. रात्री रस्त्यावरून एकटी चालणारी बाई आजवर थरथरत होती; गाणं तो थरकाप उचलून दुसऱ्यांच्या अंगात घालतं. हे करताना आवाज मात्र चढलेला नाही. एकटी विविर, गिटार, आणि जवळजवळ बोलल्यासारखी सुरावट. पेरलेल्या भीतीतून भलतंच पीक उगवल्याची प्रतिमा इथेच येते, आणि ती शेतकरी मुलखातल्या गाण्याला शोभणारी आहे. ध्रुपदाला वृंद येऊन मिळतो. ध्रुपदातले शब्द मोर्च्यातल्या फलकांवरचेच आहेत. जिवंत राहण्याची मागणी, न्यायाची मागणी. काव्य म्हणून पाहिलं तर ध्रुपद गाण्यातला सगळ्यात उघडा भाग आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कोरीदोने नेहमीच लोकांच्या तोंडातली तयार वाक्यं उचलली आहेत. कवीने घडवलेली ओळ आणि चौकात आधीच घुमत असलेली ओळ एकमेकींशेजारी ठेवल्या की गाणं कुण्या एकीचं राहत नाही, आणि इथे तेच हवं होतं.

दुसऱ्या भागात एक जागा आहे तिथे मी दर वेळी थबकतो. मैत्रिणी चोरल्या जातात, बहिणी मारल्या जातात, देह नाहीसे केले जातात, असं मोजत मोजत गाणं अचानक राष्ट्राध्यक्षांना उद्देशून बोलतं. तेही अत्यंत अदबीने, कृपया म्हणत. विनंती एकच, या बायांची नावं विसरू नका. रोसीता इरेनेला जे म्हणाली तेच हे. पण रोसीताची विनंती एका मुलीने दुसऱ्या मुलीला केलेली होती, आणि तिची किंमत म्हणून खालमानेने वागण्याचा सल्ला तिला स्वतःच्या तोंडाने द्यावा लागला होता. इथे तीच विनंती देशाच्या सर्वोच्च पदाकडे जाते, आणि तिच्या मागे कुठलाही सल्ला नाही. विविरला साल्तियोचं ते जुनं गाणं डोळ्यांसमोर होतं की नव्हतं, याने या वाचनात फरक पडत नाही. कोआवीलात वाढलेल्या कानात ते असतंच. पुढच्या वर्षी महिला दिनाच्या आधी सरकारने राष्ट्रीय प्रासादाभोवती उंच लोखंडी कुंपण उभं केलं, तेव्हा बायकांनी त्या कुंपणावर मारल्या गेलेल्यांची नावं रंगवली आणि फुलं लावली. गाण्याने केलेली विनंती अशी राष्ट्राध्यक्षांच्या दारात लिहिली गेली.

मग येते हजेरी. रेफोर्मा या राजरस्त्यावर चालणाऱ्या सोबतिणींसाठी, सोनोरात भांडणाऱ्या पोरींसाठी, च्यापासमधल्या स्त्री-सेनानींसाठी, तिहुआनात शोध घेणाऱ्या आयांसाठी. चार ओळींत देशाचा नकाशा राजधानीपासून उत्तरेला, तिथून थेट दक्षिणेला आणि पुन्हा वायव्येच्या टोकाला फिरतो. प्रत्येक ठिकाणामागे इतिहास आहे. च्यापासच्या सेनानी म्हणजे सापातिस्ता बंडातल्या आदिवासी बायका. कोमान्दान्ता रामोनासारख्यांनी १९९४ च्या उठावाआधीच स्त्रियांचा क्रांतिकारी कायदा आपल्या संघटनेकडून मंजूर करून घेतला होता. तिहुआनातल्या आया हरवलेल्या मुलांना शोधतात. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांची संख्या २०२२ सालीच १,००,००० च्या पुढे गेली. या आया टोकदार लोखंडी सळई माळरानात खुपसतात, बाहेर काढतात, टोकाचा वास घेतात. जुने कोरीदो लढायांची ठिकाणं याच पद्धतीने ओळीत गुंफत असत, सेलाया, तोरेओन, साकातेकास. विविरने ती रीत जशीच्या तशी घेतली आणि तिच्यात आजच्या लढायांची ठिकाणं भरली. परंपरा वापरावी तर अशी.

यानंतर गाणं मैत्रिणीकडे वळतं आणि म्हणतं की कुणी फलाण्याने तुझे डोळे मिटवले तर मी सगळं जाळीन, सगळं मोडीन. या भागावर पुष्कळांनी नाकं मुरडली, कारण मोर्च्यांत काचा फुटल्या होत्या, पुतळ्यांवर रंग पडला होता. मला या ओळींमध्ये दुसरंच काही दिसतं. मारणारा इथे फलाणा आहे. जुन्या गाण्यात इपोलीतोचं नाव रोसीताइतकंच ठसठशीत आहे. खुनाने त्याला अमर केलं. इथे त्याला नावच मिळत नाही. मिळतं ते बायकांना, सहा जणींना, आडनावांशिवाय. आणि ती सहा नावं गाणं तृतीयपुरुषात सांगत नाही. गाणारी म्हणते, मी ही आहे, मी ती आहे. जबरदस्तीने गाडीत चढवलेली मुलगी मी आहे. मुलींसाठी रडणारी आई मी आहे. आणि तुझ्याकडून हिशोब चुकता करून घेणारीही मीच आहे.

कोरीदोच्या साक्षीदाराची जागा इथे संपली. बाहेर उभं राहून सांगणारा 'मी' गेला, आणि त्याच जागेवर मेलेली, हरवलेली, रडणारी आणि वसूल करणारी अशा सगळ्या जणी एका 'मी'त येऊन उभ्या राहिल्या. रोसीता देवापुढे हिशोब देत होती. आता हिशोब मागितला जातो. एका शब्दाची दिशा उलटी झाली आणि सगळं गाणं त्यावर तोललेलं आहे. गाताना विविर या ओळींवर आवाजाला जोर देत नाही. एकेक नाव सुटं, समान वजनाचं ठेवते. मला वाटतं, या संयमामुळेच चौकात उभ्या असलेल्या बायकांना तिथे आपापल्या ओळखीचं नाव मनात घालता आलं. पुढे हे गाणं लॅटिन अमेरिकेत फिरलं तेव्हा ठिकठिकाणच्या बायकांनी त्यात स्वतःच्या देशातली ठिकाणं आणि नावं घातली. घालता आली, कारण रचनेतच तशी जागा होती.

शेवट राष्ट्रगीताशी भिडतो. १८५४ साली प्रथम गायल्या गेलेल्या मेक्सिकोच्या राष्ट्रगीतात तोफेच्या गर्जनेने धरणी हादरावी अशी हाक आहे. फ्रान्सिस्को गोन्सालेस बोकानेग्राचे हे शब्द शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ असतात. विविर ती हाक घेते, धरणी हादरवतेच, पण तोफ काढून तिथे बहिणींच्या प्रेमाची गर्जना आणते. राष्ट्रगीताच्या शब्दांत वा संगीतात फेरफार करायला मेक्सिकोत १९८४ च्या कायद्याने मनाई आहे. हे माहीत असलं की त्या शेवटच्या दोन ओळींचं धाडस कळतं. सुरुवातीला शासनाला थरथरायला लावलं होतं. शेवटी शासनाचंच गीत हातात घेतलं. थरकापाने सुरू झालेलं गाणं थरकापावर संपतं, आणि मधल्या वाटेत तो भीतीचा राहिलेला नाही.

यानंतर तिने जे केलं ते मला जास्त अवघड वाटतं. 'कान्सिओन सिन मिएदो' हे समूहगान आहे, चौकासाठी लिहिलेलं. २०२५ साली आलेला 'कोसास के सोर्प्रेन्देन आ ला आउदिएन्सिया' हा दहा कोरीदोंचा संग्रह बंद खोलीतला आहे. विषय एकच: मारहाण करणाऱ्या, बलात्कार करणाऱ्या पुरुषापासून जीव वाचवताना ज्यांच्या हातून तो मेला आणि त्यापायी ज्या तुरुंगात गेल्या अशा बायका. त्यांच्या कहाण्यांसाठी विविर वर्षानुवर्षं तुरुंगांत जाऊन बायकांशी बोलली. संग्रहाचं नाव सांगतं की यात श्रोत्यांना चकित करणाऱ्या गोष्टी आहेत. त्यातला शेवटचा शब्द, 'आउदिएन्सिया', श्रोत्यांनाही लागू होतो आणि कोर्टातल्या सुनावणीलाही.

अशा प्रकरणांत काय होतं ते एका उदाहरणावरून समजेल. मेक्सिको राज्यातल्या नेसावाल्कोयोत्ल शहरात २०२१ साली एका तरुणीवर तिच्याच घरात बलात्कार झाला. झटापटीत तिने त्या माणसाला मारलं. नऊ महिने ती तुरुंगात राहिली. मे २०२३ मध्ये न्यायालयाने तिला सहा वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली आणि मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई द्यायला सांगितलं. स्वसंरक्षण तिने केलं हे न्यायालयाला मान्य होतं, पण प्रमाणाबाहेर केलं. डोक्यात फटका मारला असता तरी भागलं असतं, असं म्हणणं. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. तिच्यासाठी बायका रस्त्यावर आल्या. बाकीच्यांच्या खटल्यांची तारीखसुद्धा कुणाला ठाऊक नसते.

इथे कोरीदोच का हवा होता, हे आता लक्षात येतं. न्यायालय तारीख विचारतं, ठिकाण विचारतं, कुणी आधी हात उचलला विचारतं. कोरीदोही तेच विचारतो. दोघांचीही रचना घटनाक्रमाची. फरक असा की न्यायालयात घटनाक्रम त्या एका रात्रीपासून सुरू होतो, आणि विविर तो त्या रात्रीवर थांबू देत नाही. आधीची वर्षं, आधीचे मार, पोलिसांत गेल्यावर मिळालेलं उत्तर, हे सगळं तिच्यासाठी कथेतच मोडतं. आठ अक्षरांच्या ओळीत तक्रारीला फार जागा नसते. म्हणून इथे हुंदके नाहीत, तपशील आहेत. 'एरा एल ओ एरा यो', म्हणजे तो किंवा मी, हे एका गाण्याचं नावच पाहा. त्यात बचावाची वकिली नाही, जे होतं ते दोन पर्यायांत मांडलं आहे. आणि बोलणारी 'मी' आहे. जुन्या कोरीदोत इपोलीतोची जबानी होत असे. या संग्रहात बाई जबानी देते, आणि ती पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतली जाते.

एक उणीव सांगायला हवी. दहा गाणी सलग ऐकली तर दुःखाची पातळी एकसारखी होते, एकीची गोष्ट दुसरीत मिसळते. जुन्या कोरीदोंत विनोदाची, चावटपणाची, घोड्याच्या वर्णनाची जी विश्रांतिस्थळं असत तशी इथे कमी आहेत. विषय पाहता ती कशी असणार, हे मान्य. तरी माझा सल्ला असा की एका वेळी एकच गाणं ऐकावं आणि थांबावं. प्रत्येक गाणं स्वतंत्र खटला आहे.

संगीतातल्या हिंसेवर मेक्सिकोत सध्या मोठा वाद चालू आहे. काफे ताकुबा या रॉक समूहाने २०१७ साली आपल्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यांपैकी एक, 'इन्ग्राता', गाणं थांबवलं, कारण उत्तरेकडच्या धाटणीच्या त्या गाण्यात सोडून गेलेल्या बाईला गोळी घालण्याची भाषा होती. स्वतःच्या गाण्याकडे असं पाहणं मला फार मोलाचं वाटतं. सरकारी मार्ग मात्र वेगळा आहे. टोळीप्रमुखांची स्तुती करणारे कोरीदो अनेक राज्यांत मंचावरून हटवले जात आहेत. एप्रिल २०२५ मध्ये तेश्कोकोच्या जत्रेत एका गायकाने बंदीमुळे ती गाणी म्हणायला नकार दिला, तर श्रोत्यांनी मंचावर चढून वाद्यं फोडली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेइनबाउम यांनी हिंसेचा उदोउदो न करणाऱ्या गाण्यांसाठी 'मेहिको कान्ता' ही स्पर्धा जाहीर केली. हेतू चांगला आहे. पण गाणी निवडताना कुणी केवळ त्यांत कोण मेलं आणि कुणाच्या हातून मेलं एवढंच पाहिलं, तर विविरची ही दहाच्या दहा गाणी पहिल्याच फेरीत बाद होतील. आणि दारू-पिस्तुलाचा उल्लेख नसलेली, बाईला नाचाला नकार देऊ नकोस असं गोड आवाजात समजावणारी गाणी पुढच्या फेरीत जातील. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर आधी हा प्रश्न असायला हवा की गाण्यात बोलतंय कोण.